उलटे भरलेले नऊ खड्डे

माळ गावाचा होता आणि तो गावाकडून लबाडीने काढून घेतला. लबाडी जिल्ह्याच्या ऑफिसातल्या वरच्या साहेबाने केली. तिला लागणारी माती मी पुरवली. आणि नाव खराब झालं ते तिसऱ्याच माणसाचं, ज्याने आयुष्यात मातीच्या ढेकळालाही फसवलं नव्हतं.

त्या माणसाला पेणपासून रोह्यापर्यंत सगळे मातीखाऊ साहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब. सरकारी नोकरी, काम जमिनी तपासण्याचं. पुरुषभर खोल खड्डा खणून घ्यायचा, आत उतरायचं, खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात ते वरून खाली वाचायचे, कोणत्या थरात काय आहे ते लिहायचं आणि त्यावरून त्या मातीची जात आणि वर्ग ठरवायचा. भातखाचराला काय योग्य, बागेला काय, गुरांना चरायला कुठली जमीन राखावी, हे त्या लिहिण्यावर ठरायचं. ही नव्वदीतली गोष्ट. कोकण रेल्वेचे भराव पडत होते, डोलवीकडे बांधकामं निघाली होती आणि फावडं धरणाऱ्या माणसाला भाव आला होता.

खड्डे मी खणून द्यायचो. माझा बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबला. मी उसन्या फावड्याने सुरुवात केली आणि पस्तिशीच्या आत माझी स्वतःची बारा माणसं झाली. भावात मला कुणी हरवलेलं नव्हतं. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि घासाघीस करताना त्याचाही मी उपयोग करायचो. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

साहेबांनी मला पहिल्याच दिवशी हरवलं. खांब गावाजवळ एका टेकाडावर खड्डा हवा होता. मी जमिनीवर पहार आपटून दाखवली, ठिणगी उडाली, आणि म्हटलं की हा मुरूम आहे, नेहमीचा दर परवडायचा नाही. साहेबांनी वाकून एक खडा उचलला, पुसला, जिभेवर ठेवला. बराच वेळ चघळला. मग थुंकून म्हणाले, "मुरूम नाही, ठेकेदार. वीतभर कवच आहे. खाली लोण्यासारखी लागेल. दर नेहमीचाच." लोण्यासारखीच लागली. माझी माणसं खड्ड्यात उभी राहून मला हसत होती. दिवसभर मी कुणाशी धड बोललो नाही.

जीभ हे त्यांचं मुख्य हत्यार. ऑफिसने दिलेली बाटल्यांची पेटी होती, त्यातलं पाणी नि औषधं ते वापरत, पण आधी जीभ. खारट किती, आंबूस किती, कण दाताखाली करकरतात की साबणासारखे सरकतात, हे सांगून मग बाटली उघडायची, आणि बाटलीने तेच सांगितलं की बाटलीला शाबासकी द्यायची. ओली माती अंगठ्याने दाबून तिची पट्टी काढत, ती किती लांब गेल्यावर तुटते ते बघत. पट्टी लांब निघाली की सुनेचं कौतुक करावं तसं म्हणत, "अंगात जीव आहे हिच्या."

दुसरं हत्यार म्हणजे मातीच्या रंगांची चोपडी. पानापानावर रंगाचे छोटे चौकोन, प्रत्येकाखाली एक भोक. भोकामागे माती धरायची आणि जुळणारा चौकोन शोधायचा. कोलाडच्या एका हॉटेलात ते चहाचा कप त्या भोकामागे धरत. एकदा मालकाला त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमचा चहा परवापेक्षा दोन घरं उतरलाय. मालकाने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "पावडर कुनी कमी केली ता मना नको विचारू, तुझ्या भावाला विचार." तेव्हापासून साहेब दारात दिसले की त्या हॉटेलात पातेलं नव्याने चढायचं.

शनिवारी ते कामाला हात लावत नसत. ते बेने इस्रायली होते, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्याकडे जुनी माणसं ज्यांना शनवार तेली म्हणतात त्यांतले. रोह्याकडच्या एका गावात घर, दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली लहानशी डबी, अंगणात आजोबांचा तेलाचा घाणा, त्यावर कोंबड्या बसायच्या. तिघे भाऊ इस्रायलला गेले होते. आळीतली बाकीची घरं बंद, एकदोन विकलेली. लोक विचारायचे, साहेब, तुम्ही कधी निघणार? ते म्हणायचे, अजून वाचायचं राहिलंय. धाकट्या भावाने एकदा तिकडची माती डबीत घालून पाठवली. आम्ही चारपाच जण बसलो होतो. साहेबांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाले, चांगली आहे, चुना फार, पण हिची भाषा मला येत नाही. डबी घट्ट बंद करून त्यांनी फळीवर ठेवली. पुन्हा उघडलेली मी पाहिली नाही.

त्यांचा एक नियम मला सगळ्यात जाचायचा. खड्डा खणताना प्रत्येक थराची माती वेगळ्या गोणपाटावर काढायची. वरची वेगळी, मधली वेगळी, तळाची वेगळी. वाचून झालं की तळाची आधी टाकायची, मग मधली, शेवटी वरची. जशी निघाली तशीच आत. माझी माणसं कुरकुरायची. दुप्पट वेळ जायचा. मी एकदा भांडलो, म्हटलं, माती ती माती, पाऊस पडला की सगळी एक. त्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, "माणसाला पालथं पुरतात का, ठेकेदार?"

तरी नियम काही मला पटला नाही.

आता माळाचं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना अजून तिथेच राहायचंय. पेण आणि रोह्याच्या मधे, खाडीपासून दोन डोंगर आत एक माळ होता. दिवाळीनंतर वाळून ठणठणीत, मे महिन्यात पहार लागू न देणारा. त्याला तीन पायऱ्या होत्या. मोठ्या, शंभरेक पावलं रुंद, कुणी मुद्दाम कापल्यासारख्या. गावात म्हणायचे की राक्षसाने बसायला केल्या. साहेबांनी पहिल्यांदा तो माळ पाहिला तेव्हा चपला काढल्या आणि तिन्ही पायऱ्या अनवाणी चढून उतरून आले. म्हणाले, हे तळं होतं. फार जुनं. खाडीचा फाटा अडून राहिलेला. पाणी तीनदा उतरलं, दर वेळी काठ मागे राहिला. तळाच्या निळसर मातीत शिंपल्याचे तुकडे मिळाले तेव्हा ते तसेच हातावर घेऊन गुराख्यांना दाखवत हिंडले.

माळ गुरचरणाचा. गावात बागायत नाही, कंपनीतली नोकरी एखाद्याच घरात, घरं चालायची ती म्हशींवर. म्हशी राखायची चांगुणा, सत्तरीची बाई, घरोघरच्या पन्नाससाठ म्हशी सकाळी घेऊन यायची. साहेबांना माती चाटताना पाहून ती म्हणाली, "घरी जेवान नाय मिलत काय ओ साहेब?" साहेब म्हणाले, "मिळतं गो, पण मीठ कमी असतं." त्यावर ती जी हसली, तिथून दोघांचं जमलं. तिने त्यांना सांगितलं की खालच्या पायरीचं गवत म्हशी हुंगून सोडतात, मधल्या नि वरच्या पायरीचं मुळापर्यंत खातात आणि दूध दाट देतात. साहेबांनी ते तिच्या नावानिशी वहीत लिहिलं. पुढे वरच्या साहेबाने त्या ओळीवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, म्हशीचे मत.

त्या माळावर एका कंपनीची नजर होती. गोदामांसाठी सपाट जागा हवी होती. चराईची चांगली जमीन असली तर सहज देता येत नव्हती, खारवट आणि निरुपयोगी ठरली तर वाट मोकळी. म्हणजे साहेब काय लिहितात यावर गावाच्या म्हशी अवलंबून होत्या. गावाला हे कळलेलं होतं. आम्ही गेलो की कुणी ना कुणी ताक आणून द्यायचं आणि काही न विचारता खड्ड्याच्या काठावर बसून राहायचं.

प्रत्येक पायरीवर तीन, असे नऊ खड्डे. सगळे एकदम उघडे ठेवायचे, म्हशी पडू नयेत म्हणून भोवती काट्या लावायच्या, आणि साहेब एकातून निघून दुसऱ्यात उतरायचे. दहाबारा दिवस त्यांचं तेच. शेवटी निकाल ठरला. वरच्या दोन पायऱ्यांवर दीडदोन हात जिवंत माती, तांबूस, मुळांनी विणलेली. मीठ आहे ते फार खाली, निळ्या थरात, जुन्या तळ्याच्या तळाशी. गवताची मुळं तिथवर जात नाहीत. म्हणून चराईला उत्तम, नांगर लावू नये, खोदू नये, कुंपण न घालता राखावी. अशी माती आधी कुठे नोंदलेली नव्हती. मातीच्या नव्या जातीला जवळच्या गावाचं नाव देण्याची त्यांच्यात रीत आहे, तसं साहेबांनी तिला त्या गावाचं नाव दिलं. चांगुणाला सांगितलं, तुमच्या गावाचं बारसं झालं. ती म्हणाली, मग घुगऱ्या कुठं हायत?

तो दिवस शुक्रवारचा. साहेब दुपारी हात धुऊन घरी निघाले आणि मला बजावून गेले की खड्डे रविवारी भरायचे, ते आल्यावर. सोमवारी माझी माणसं रेल्वेच्या भरावावर हवी होती. रविवारी त्यांना बाजार होता, कुणी आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर एका माणसाच्या जिभेने आणि शनिवाराने माझं वेळापत्रक ठरवावं याचा मला राग होता. शनिवारी सकाळी मी माणसं उभी केली आणि सांगितलं, भरा.

काठाला लागून जो ढीग होता तो त्यांनी आधी ढकलला. काठाला लागून वरची माती होती. तळाची निळी माती सगळ्यात लांब, ती शेवटी आली आणि वर राहिली. मी बघत होतो. नऊच्या नऊ खड्डे दुपारच्या आत भरले. वर आजूबाजूची बोटभर माती खरवडून पसरली, वाळलं गवत टाकलं. दिसायला झकास.

रविवारी साहेब आले. भरलेले खड्डे पाहून नाराज झाले. विचारलं, क्रमाने? मी म्हटलं, तुमच्याच पद्धतीने. त्यांनी मान हलवली आणि माझ्या माणसांसाठी घरून आणलेला मलिदा, गूळखोबरं घातलेले भिजवलेले पोहे, माझ्या हातात दिला. ते खोटं तेव्हा पसाभर मातीएवढंच वाटलं होतं.

मे महिन्यात वरच्या साहेबाने फेरतपासणी लावली. एक तरुण तपासनीस आला. नियमाने त्याने जुन्या खड्ड्याशेजारी नवी जागा खणायची. पण त्याच्या गड्याची पहार माळावर उडायला लागली, तेव्हा त्यांनी नरम जागा शोधल्या. नरम जागा नऊच होत्या. हातभर खाली गेले, पिशव्या भरल्या, निघून गेले. प्रयोगशाळेने लिहिलं, सगळीकडे वरच्या थरातच मीठ. वरच्या साहेबाने आमच्या साहेबांना चार दिवसांत खुलासा मागितला.

ते माझ्याकडे आले, पेणच्या बाजारात, भर दुपारी. मी टोपल्यांचा भाव करत होतो. त्यांनी मला दुकानाच्या सावलीत बाजूला घेतलं. हातात कागद होता. म्हणाले, "तपासनीसाने आपल्याच खड्ड्यांतून माती घेतलीय. ते चूकच आहे, पण ती चूक निभावते. खड्डे क्रमाने भरले असतील तर वरची माती वरच असणार, आणि मग प्रयोगशाळा खरी, माझं वाचन खोटं. म्हणून एकदाच विचारतो. कसे भरले?"

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. हेही कळलं की खरं बोललो तर सरकारी काम पुन्हा मिळणार नाही, आणि बाजारात बातमी होईल की हा खड्डेसुद्धा नीट भरत नाही. भाव करणाऱ्या माणसाला पहिला आकडा तोंडातून गेला की मागे येता येत नाही. निदान मला तरी आजवर येता आलेलं नव्हतं.

"सांगितलं ना एकदा," मी म्हटलं. "तुमच्याच पद्धतीने."

त्यांनी विश्वास ठेवला. इतकी वर्षं माती चाटून पारखणाऱ्या माणसाने माझं तोंड पारखलं नाही. कागदाची घडी घालत म्हणाले, वय झालं, जीभ गेली वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं की आपलं वाचन चुकलं. त्यानंतर त्यांना माती तोंडात घालताना कुणी पाहिलं नाही. कोलाडच्या हॉटेलात चहा तसाच पिऊन उठायचे, चोपडी पिशवीतून काढायचेसुद्धा नाहीत. गावात बातमी पोचली तेव्हा लोक म्हणाले की मातीखाऊ दुसरंच काही खाऊन बसला. चांगुणा एकटी तसं म्हणाली नाही.

पाऊस लागला. जुलैत मी त्या बाजूने जात होतो. माळ हिरवा झाला होता, आणि त्या हिरव्यात नऊ लांबट चौकोन उघडे, राखाडी, गवताची एक काडी नाही. वरच्या पायरीवर तीन, मधल्या तीन, खालच्या तीन. कबरींसारखे. चांगुणा इरलं घेऊन उभी होती. म्हणाली, "बघ, मानसा. आमचा माल खारा हाय म्हनत व्हते. खारे हायत ते तुझे नऊ खड्डे." तपासनीस नरम जागा हुडकत फिरत होता हेही तिनेच मला सांगितलं. ती सगळं बघत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. वरच्या साहेबासमोर उभं राहून सगळं सांगितलं, मी काय केलं तेही. त्याने अर्ज पूर्ण वाचला. मग विचारलं की हे लेखी कशाला आणलंस. मी म्हटलं, माळावर चला, नऊ जागा दिसतील, आंधळ्यालाही कळेल. आणि विचारलं, शेवटची सही झाली का?

"व्हायची आहे," तो म्हणाला. फाइल ओढली, माझ्यासमोर सही केली, माझा अर्ज खणात टाकला. "तुझ्या साहेबाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. आता तू कोण?"

मी टेबलावर हात आपटला, शिव्या दिल्या, शिपायांनी मला बाहेर काढलं. अर्जाची पोच मी घेतली नव्हती. प्रत्येक सौद्यात चिठ्ठी मागणारा मी, त्या दिवशी विसरलो.

तिथून सरळ साहेबांच्या घरी गेलो. ते तापाने पडून होते, कावीळ झाली होती. बायको पायाशी बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. शनिवार, काठाचा ढीग, निळी माती, नऊ चौकोन, सगळं. वाटलं होतं की ते ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "वरच्या पायरीवरचेही तिन्ही उघडे?" मी म्हटलं, तिन्ही. ते उशीवरून किंचित उठले आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस गो? जीभ बरोबर होती."

मग भिंतीकडे तोंड करून निजले. माझ्याशी त्या दिवशी आणखी एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढे बोलायला दिवस उरले नाहीत.

भाद्रपदात गेले. कबर खणायला माणसं नव्हती, त्यांच्या बायकोने मला निरोप पाठवला. का मलाच, ते मी विचारलं नाही. प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. अलिबागकडून, पेणहून मिळून आठ जमले, बहुतेक काठी टेकत आलेले. मी स्वतः खणलं. वर काळी माती लागली, मग पिवळी, मग मुरूम. तीन गोणपाटं अंथरून तीन ढीग वेगळे ठेवले. माती लोटायची वेळ आली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जवळच्या ढिगाकडे वळले. मी त्यांचा हात धरला आणि लांबचा ढीग दाखवला. त्यांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, साहेबांचा नियम आहे. आधी मुरूम, मग पिवळी, शेवटी काळी. पुढच्या पावसात त्या जागेवर गवत आलं.

माळावर आज पत्र्याचं कुंपण आहे, कुणाचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. म्हशी विकल्या गेल्या. चांगुणा लेकीकडे जाऊन राहिली आणि तिथेच वारली. सरकारी यादीत त्या मातीला गावाचं नाव नाही, ती इतर खारवट जमिनींत ढकलली आहे. खाली शेरा आहे की मूळ सर्वेक्षकाच्या वाचनातील चुकीमुळे दुरुस्ती केली.

ती चूक साहेबांच्या वाचनातली नव्हती. माझ्या फावड्यातली होती, आणि मी ती इथे लिहून दिली. माझ्या वाटणीचं उत्तर मी दिलं. पण माझा अर्ज त्या टेबलावर होता आणि सही त्यानंतर झाली. ज्याने तो वाचून सही केली तो माणूस पेन्शन घेऊन जिवंत आहे. त्याने गावासमोर येऊन सांगावं की नऊ जागांची गोष्ट कळल्यावर त्याने पेन का उचललं. त्या शेऱ्याखाली त्याने स्वतःचं नाव लिहावं. आणि ज्यांच्या ताब्यात आज ती फाइल आहे त्यांनी खण उघडून माझा अर्ज बाहेर काढावा. पोच माझ्याकडे नाही. पण माळावर कुंपणाच्या आत, काँक्रीट पडलं नाही अशा वरच्या कोपऱ्यात, एक चौकोन अजून उघडा आहे. या आणि चाखून बघा.